‘तुमच्यात काय सांगतात?’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांच्या सदरात गेले काही महिने धर्मांतर या विषयावर पत्रे येत आहेत. त्यांतील बहुतेक पत्रलेखकांचा असा समज दिसतो की, ख्रिस्ती माणूस सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत कोणाला ना कोणाला आपल्या धर्मात ओढण्याच्या खटपटीत असतो. माझे सारे आयुष्य नाशिकच्या शरणपूर भागात गेले, आमचे घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती आहे, आणि मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, कमिटीवर मी बरीच वर्षे काम केले आहे. तेवढ्या अनुभवावर सांगतो की, ही पत्रे वाचून मला राग कमी येतो आणि संकोच अधिक वाटतो. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे 10 लाख 80 हजार, म्हणजे एक टक्क्याहूनही थोडी कमी आहे. यांपैकी किती जणांनी आपल्या शेजाऱ्याला येशूविषयी दोन वाक्ये सांगितली असतील, याचा कोणी खरोखर हिशेब मांडला, तर आरोप करणारेही खजील होतील आणि आमचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, हेही. आम्ही का बोलत नाही, ते एकदा आमच्याच बाजूने लिहावे म्हणून हे पत्र.

मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात फिटर म्हणून नोकरी केली. माझ्या शेजारच्या मशीनवर निफाड तालुक्यातील एक वारकरी गृहस्थ होते. मी त्यांना अण्णा म्हणत असे आणि ते मला, मी साधा सभासद असूनही, ‘पाद्री’ म्हणत. बावीस वर्षे आम्ही एका बाकावर डबा खाल्ला. या बावीस वर्षांत अण्णांनी मला त्यांच्या श्रद्धेविषयी काय सांगितले नाही? संत निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकेश्वराहून पंढरपूरला चालताना पाय कसे सुजतात, माळ घातल्यावर दारू कशी सुटली, हरिपाठातली कोणती ओळ त्यांना रात्रपाळीत आठवते, हे सारे ते घास चावता चावता सांगत. वारीहून आले की बुक्का आणि चुरमुऱ्यांचा प्रसाद माझ्या डब्याशेजारी ठेवत. याला कोणी धर्मप्रचार म्हटले नाही, आणि म्हणण्याचे कारणही नव्हते. माणूस आपल्या जिवाचे बोलत होता. मी मात्र वर्षातून एकदा, नाताळात, करंज्या आणि केक नेत असे. विचारलेच कोणी, तर ‘आमची दिवाळी’ एवढे म्हणून विषय संपवत असे.

माझ्या निवृत्तीच्या दोन वर्षे आधी अण्णांचा तरुण मुलगा मुंबई-आग्रा महामार्गावरील अपघातात गेला. तेराव्यानंतर ते कामावर आले. कॅन्टीनमध्ये आम्ही दोघेच होतो. डबा न उघडताच त्यांनी विचारले, ‘‘पाद्री, तुमच्यात मेलेल्या पोराचं पुढं काय होतं म्हणून सांगतात?’’ मी म्हणालो, ‘‘अण्णा, सगळे देव एकच. धीर धरा.’’ त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, ‘‘ते मला ठाऊक आहे रे. तुमच्यात काय सांगतात ते विचारलं.’’ मी पुन्हा काहीतरी गुळमुळीत बोललो आणि हात धुवायला उठलो. दर रविवारी प्रेषितांच्या मतांगीकारात, म्हणजे उपासनेत सर्वांनी मिळून म्हणायच्या विश्वासाच्या कबुलीत, ‘देहाचे पुन्हा उठणे’ आणि ‘सार्वकालिक जीवन’ हे शब्द मोठ्याने म्हणणारा मी, ते शब्द ज्याला हवे होते त्याच्यासमोर ते उच्चारू शकलो नाही.

त्या दुपारी मला कोणत्याही कायद्याने अडवले नव्हते आणि दाराशी कोणतीही संघटना उभी नव्हती. मग अडवले कशाने, याचा विचार मी नंतर पुष्कळ केला. पहिले कारण मैत्री हेच होते. मला वाटले, मी आता येशूचे नाव काढले तर या माणसाला वाटेल की, इतक्या वर्षांचा डबा याच दिवसासाठी होता. दुःखाने मन हळवे झाल्याची संधी पाद्र्याने बरोबर साधली. ही भीती अगदीच निराधार नव्हती, हेही कबूल केले पाहिजे. आमच्यातील काही उत्साही मंडळी माणसाशी ओळख करतानाच मनात आकडा धरतात, आणि ज्याच्याशी आकड्यासाठी ओळख केली त्याला ते कळल्याशिवाय राहत नाही. त्यांच्या या वागण्याची किंमत, कोणताही आकडा न धरता गप्प बसणारे आम्ही मोजतो. परंतु आणखी थोडे खोल पाहिले, तर माझी भीती अण्णांपेक्षा माझ्या स्वतःच्या प्रतिमेविषयी अधिक होती. ‘पाद्री असला तरी आपल्यातलाच आहे’ हे जे प्रमाणपत्र कारखान्याने मला दिले होते, ते मला गमवायचे नव्हते.

दुसरे कारण भाषेचे आहे, आणि ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आमच्या उपासनेतील मराठी ही घराबाहेर पडली की परकी होते. ‘तारण’, म्हणजे पापातून सुटका, हा आमच्या विश्वासाचा गाभ्याचा शब्द. पण शहरातल्या कोणत्याही पतसंस्थेच्या पाटीवर ‘सोनेतारण कर्ज’ असे लिहिलेले असते, आणि ‘तुमचे तारण झाले आहे काय?’ असे विचारले तर समोरचा माणूस प्रथम आपल्या दागिन्यांचा विचार करील. ‘साक्ष’ द्यायला लोक कोर्टात जातात. ‘मंडळी’ म्हटले की पंगतीला बसलेली माणसे डोळ्यांसमोर येतात, आणि जुन्या माणसांच्या बोलण्यात तर बायको. ‘अभिषेक’ हा शब्द नव्या प्रार्थनासभांतून फार ऐकू येतो. नाशिककराला तो ऐकून त्र्यंबकेश्वराखेरीज दुसरे काय आठवणार? हे शब्द चुकीचे आहेत असे मी म्हणत नाही, त्यांतले काही फार जुने आणि सुंदर आहेत. पण आम्ही ते आपसात इतके वापरले की, त्यांचा अर्थ साध्या बोलीत सांगण्याची सवयच गेली. अण्णांच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे तर मला आधी ‘पुनरुत्थान’ हा शब्द बाजूला ठेवून एका बापाला कळेल असे वाक्य जुळवावे लागले असते, आणि तसे वाक्य मी जन्मात कधी जुळवलेले नव्हते. नव्या पिढीची गत आणखी वेगळी. आमची नातवंडे इंग्रजी शाळांत शिकतात, गाणी हिंदी आणि इंग्रजी म्हणतात, आणि आजीने क्रूसाला ‘वधस्तंभ’ म्हटले की अर्थ विचारतात.

वास्तविक, मराठीत ख्रिस्ताविषयी बोलण्याची परंपरा दरिद्री नाही. फादर स्टीफन्स यांची मराठी ओव्यांतील ख्रिस्तकथा 1616 मध्ये छापली गेली. अहमदनगरचे ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती नियतकालिक 1842 मध्ये सुरू झाले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंगात आणि पदांत जे लिहिले ते आम्ही आजही गातो. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आमच्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या, आणि त्यांचे निधनही 1936 मध्ये नाशिकलाच झाले. 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले. त्यांच्या निवडीला काहींनी विरोध केला, परंतु बायबल सुबोध मराठीत आणणारा तो माणूस शेवटी अध्यक्षपदावरून मराठीतच बोलला. थोरांची ही यादी आम्ही अभिमानाने सांगतो खरे, पण अभिमान बाळगणे सोपे असते. त्यांच्यासारखे मराठी बोलणे हे काम आम्ही त्यांच्यावरच सोडून दिले आहे.

टिळकांच्या जीवनातील एक प्रसंग या बाबतीत लक्षात घेण्यासारखा आहे. 1893 च्या सुमारास राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांना एक अनोळखी युरोपीय गृहस्थ भेटले. बोलणे सुरू झाले ते संस्कृत काव्यावरून, भवभूतीवरून. धर्म नंतर आला. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थांनी टिळकांना बायबलचा नवा करार दिला. तो वाचताना टिळक येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी थांबले ते थांबलेच, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. मला या गोष्टीत सर्वांत मोलाचा वाटतो तो भवभूती. परक्या देशातून आलेल्या त्या माणसाने समोरच्याला काय आवडते ते आधी जाणून घेतले होते. मी बावीस वर्षांत अण्णांना हरिपाठाविषयी एकही प्रश्न विचारला नव्हता. ऐकले पुष्कळ, विचारले काही नाही.

येथे शरणपूरविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण आमच्या गप्प राहण्याला एक भिंतही कारण आहे. हे गाव चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड प्राइस यांनी 1850 च्या दशकात वसवले. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना गावात आणि घरात थारा मिळत नसे, त्यांना शरण म्हणून हे शरणपूर. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली मुलेही येथे राहून शिकली. त्यांतील जेकब वेनराइट हा 1873 मध्ये आफ्रिकेत फिरलेले मिशनरी संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या मृत्यूसमयी त्यांच्या तांड्यात होता, आणि 1874 मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीपर्यंत त्यांच्या शवाबरोबर गेला. शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्या किती नाशिककरांना हे ठाऊक असेल, कोण जाणे. आश्रयासाठी घातलेले ते कुंपण त्या काळी गरजेचे होते. परंतु आश्रय संपल्यावरही कुंपण मनात राहिले. शाळा आपली, दवाखाना आपला, सोयरीक आपल्यात, दफनभूमी वेगळी. शेजाऱ्याशी बोलण्याचा प्रसंगच कमी. बाहेरच्यांनी आम्हाला वेगळे मानले, ही तक्रार आम्ही नेहमी करतो. वेगळेपणाची आम्हाला किती सवय झाली, ते बोलत नाही.

त्याच काळातून आलेली दुसरी सवय म्हणजे सुवार्ता, अर्थात येशूचा संदेश, सांगणे हे पगारी माणसाचे काम आहे, हा समज. मिशनचा उपदेशक असे, त्याला महिना ठरलेला असे, तो बाजाराच्या दिवशी जाऊन बोलत असे आणि बाकीचे रविवारी उपासनेला येत. हा समज मोडण्याचा प्रयत्न खुद्द टिळकांनी केला. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र बसावेत, अशी त्यांची इच्छा होती. 1919 मध्ये त्यांचा मृत्यू झाला आणि तो प्रयत्न पुढे फार वाढला नाही. पैसे घेऊन बोलणाऱ्याविषयी लोकांना संशय वाटतो, हे टिळकांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. आजही ‘किती मिळतात?’ हा प्रश्न आमच्यातल्या बोलणाऱ्याला हमखास विचारला जातो, आणि ज्याला एक पैसाही मिळत नाही तो त्या प्रश्नाच्या धास्तीने तोंड उघडत नाही.

आता कायद्याविषयी. राज्यघटनेच्या अनुच्छेद 25 ने प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन राहून दिला आहे. ‘प्रसार’ हा शब्द ठेवावा की काढावा, यावर 6 डिसेंबर 1948 रोजी संविधान सभेत चांगलीच चर्चा झाली होती. हा शब्द नसला तरी भाषणस्वातंत्र्यामुळे दुसऱ्याचे मन वळवण्याची मोकळीक राहीलच, असे कन्हैयालाल मुनशी यांनी तेव्हा सांगितले, आणि शब्द राहिला. पुढे 1967 मध्ये ओडिशाने आणि 1968 मध्ये मध्य प्रदेशाने बळजबरी, आमिष किंवा फसवणूक करून होणाऱ्या धर्मांतरावर बंदी घालणारे कायदे केले, आणि 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ते वैध ठरवताना सांगितले की, प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. या निकालावर आमच्यातले काही अजून नाराज आहेत. मला विचाराल तर ख्रिस्ती विश्वासाला त्यात फारसे वावगे वाटण्याचे कारण नाही, कारण मन पालटणे हे देवाचे काम आहे असेच आम्ही मानतो. आपण सांगावे एवढेच आपल्याकडे. अडचण निकालाची नसून व्यवहाराची आहे. ‘आमिष’ या शब्दाची व्याख्या इतकी सैल असते की, आजारी शेजाऱ्यासाठी प्रार्थना केली आणि जाताना त्याच्या हाती फळे ठेवली, तर ती फळे कशात मोजली जातील, याची खात्री देता येत नाही. घरातली प्रार्थनासभा उधळण्याच्या बातम्या वाचल्यावर आमच्या वृद्ध भगिनी गृहसभेत टाळ हळू वाजवू लागतात. खटला शेवटी उभा राहीलच असे नाही. पण तक्रार, चौकी आणि मोबाइलवर फिरणारा व्हिडिओ एवढ्यानेही माणसाची नोकरी धोक्यात येते.

याहून शांत, पण याहून घट्ट असा अडसर जातीच्या दाखल्याचा आहे, आणि आमच्या चर्चमध्ये त्याविषयी उघड बोलणे टाळतात. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, 1956 पासून शिखांना आणि 1990 पासून बौद्धांना मिळतो. ख्रिस्ती माणसाला मिळत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 13 ऑक्टोबर 1935 रोजी आमच्याच जिल्ह्यातील येवल्यात धर्म बदलण्याची घोषणा हजारो लोकांसमोर उघडपणे केली. त्याच जिल्ह्यात आज असे कित्येक लोक आहेत की, जे रविवारी उपासनेला येतात, आजारपणात पाळकाला बोलावतात, पण मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर दुसराच धर्म लिहितात. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, केवळ आरक्षणाच्या लाभासाठी स्वतःला हिंदू म्हणवणे ही राज्यघटनेची फसवणूक आहे, असे एका खटल्यात म्हटले, तेव्हापासून ही माणसे आणखी दबली आहेत. पेठ, सुरगाण्याकडील आदिवासी बांधवांना कायद्याने धर्माची अट नाही, तरी धर्म बदललेल्यांचे नाव अनुसूचित जमातींच्या यादीतून वगळण्याच्या मागणीमुळे तेही धास्तावलेले असतात. अशा माणसाने शेजाऱ्याला काय सांगावे? मी त्यांना भित्रे म्हणू शकत नाही. माझ्या मुलाच्या शिक्षणाचा प्रश्न तसा असता तर मी काय केले असते, ते मला माहीत नाही.

आमच्या दोषांपैकी एकाचा उल्लेख वर केला, दुसरा याहून गंभीर आहे. काही सभांमध्ये व्यासपीठावरून दुसऱ्यांच्या देवांची नालस्ती होते, तेलाच्या बाटलीने रोग बरे करण्याची हमी दिली जाते. मी स्वतः एका सभेतून अर्ध्यातून उठून आलो आहे. बायबलमधील पेत्राच्या पहिल्या पत्रात आमच्या आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर देण्यास सिद्ध राहा, पण ते सौम्यतेने आणि आदराने द्या, असे स्पष्ट लिहिले आहे. त्यातला ‘विचारणाऱ्याला’ हा शब्दही विसरला जातो आणि ‘आदराने’ हाही. नाशिकरोडच्या बाल येशूच्या यात्रेला फेब्रुवारीत सर्व धर्मांचे लोक येतात, मेणबत्त्या लावतात, नवस बोलतात. त्यांना कोणी ओढून आणत नाही. रांगा, पाणी, वाहने यांची व्यवस्था तेथे उत्तम असते. पण रांगेतल्या एखाद्या बाईने ‘हे बाळ कोण?’ असे शेजारच्या ख्रिस्ती माणसाला विचारले, तर तो बहुधा फादरांकडे बोट दाखवील.

अण्णा निवृत्तीनंतर गावी गेले. गेल्या वर्षी निवृत्तिनाथांची पालखी नाशिकमधून जाताना मी त्यांच्या दिंडीला गाठले आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन मैलभर त्यांच्याबरोबर चाललो. त्यांनी दिंडीतल्या लोकांना ‘हा आमचा पाद्री’ अशी माझी ओळख करून दिली. रस्त्याकडेला चहाला थांबलो असता मी म्हणालो, ‘‘अण्णा, एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहून गेलं होतं.’’ मग सांगितले की, येशूचा मित्र मेला तेव्हा त्या मित्राच्या कबरेपाशी येशू स्वतः रडला, असे आमच्या पुस्तकात आहे. त्यामुळे बापाने रडू नये असे आम्ही कधी म्हणत नाही. आणि येशू स्वतः मरून तिसऱ्या दिवशी उठला, म्हणून माती दिलेल्या आपल्या माणसांनाही देव एक दिवस हाक मारून उठवील, अशी आमची आशा आहे. तोवर ती त्याच्या हाती आहेत. एवढेच. चार-पाच वाक्ये झाली असतील. अण्णा काही वेळ कप हातात धरून बसले. नंतर म्हणाले, ‘‘हे तेव्हाच सांगायचं होतंस.’’ आणि उठून, माझ्या कपाळाला बुक्का लावून, दिंडीत गेले. ते वारकरी आहेत आणि वारकरीच राहतील असे मला वाटते. आमचा फोन दर रविवारी होतो.

हे पत्र पाठवण्यापूर्वी मी ते मुलाला वाचून दाखवले. तो पाथर्डी फाट्याकडे भाड्याच्या घरात राहतो आणि घरमालकाने करार करताना आडनावावरून काही ओळखले नव्हते. पत्र बरे झाले आहे असे तो म्हणाला, आणि खाली नाव छापू देऊ नका, अशी विनंती त्याने केली. नाव आणि पत्ता आपल्या माहितीसाठी वेगळ्या कागदावर जोडला आहे. तो कृपया प्रसिद्ध करू नये.

आपला नम्र,
एक निवृत्त कामगार,
शरणपूर, नाशिक